स्पूनर कुठवर आपला?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे चळवळीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते लोक कोण होते? गॅरिसन, डग्लस ही नावे कानावरून गेलेली असतात. त्याच फळीतला लिसँडर स्पूनर मात्र राहून जातो. तो अराज्यवादी होता. माणसाच्या संमतीवाचून त्याच्यावर कुणाचेही राज्य नको, असे मानणारा. संविधान मानणाऱ्यांनी असला माणूस कशाला वाचावा, असे कुणी विचारील. आमचे मत वेगळे आहे.

स्पूनर १८०८ साली मॅसॅच्युसेट्समधील अथॉल गावी शेतकऱ्याच्या घरात जन्मला. तेथे वकील व्हायचे तर महाविद्यालयात शिकलेल्याने तीन वर्षे आणि न शिकलेल्याने पाच वर्षे उमेदवारी करावी, असा नियम होता. म्हणजे पैसेवाल्याच्या पोराला सवलत आणि गरिबाला जादा शिक्षा! स्पूनरने तीन वर्षांतच वकिलीची पाटी लावली. १८३६ साली विधिमंडळाने तो नियमच रद्द केला. १८४४ साली त्याने सरकारी टपालापेक्षा स्वस्त अशी स्वतःची टपाल कंपनी काढली. सरकारने खटले भरून ती मोडली खरी, पण १८४५ साली सरकारला आपले दर उतरवावे लागले.

त्याच १८४५ साली त्याने गुलामगिरी संविधानबाह्य आहे, असे सांगणारे पुस्तक लिहिले. गॅरिसनचा गट म्हणे, हे संविधान गुलाममालकांचे आहे. पुढे १८५४ च्या ४ जुलैला गॅरिसनने ते भर सभेत जाळले. स्पूनरचा युक्तिवाद वकिली होता. लिहिणाऱ्याच्या पोटात काय होते तो कायदा नव्हे, कागदावरचे शब्द हा कायदा. आणि त्या कागदावर 'गुलाम' हा शब्दच नव्हता. घटनाकारांनी 'व्यक्ती' असे आडवळणाने लिहून ठेवले होते. माणसाचा नैसर्गिक हक्क हिरावायचा तर कायद्याने तसे उघड म्हटले पाहिजे. संदिग्ध शब्दाचा अर्थ स्वातंत्र्याच्याच बाजूने लागतो. वेंडेल फिलिप्सने याचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. इतिहास म्हणून फिलिप्सच बरोबर होता, असे आम्हाला वाटते. पण हत्यार दिले ते स्पूनरने. गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस हा गॅरिसनचा अनुयायी; स्पूनर आणि इतरांचे लेखन अभ्यासून १८५१ साली त्याने जाहीरपणे बाजू बदलली. ज्याने स्वतः चाबूक सोसला, त्याला जाळण्यासाठी नव्हे तर लढण्यासाठी कागद हवा होता.

स्पूनर नुसता पुस्तकी नव्हता. १८५९ साली जॉन ब्राऊनला फाशीतून सोडविण्यासाठी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरलाच पळवून नेण्याच्या बेतात तो होता. बेत तडीस गेला नाही.

यादवी युद्धानंतर, १८६७ ते १८७० या काळात, त्याने 'नो ट्रीझन' ही पत्रके काढली. संविधानावर आपण सही केलेली नाही, मेलेल्यांचा करार जिवंतांना बांधत नाही, असे त्यांत मांडले. गुलामगिरीचा हा कट्टर वैरी दक्षिणेच्या फुटून निघण्याच्या हक्काचीही बाजू घेऊ लागला. संमतीचा त्याचा प्रश्न खोटा नाही. गुलामाला कुणी विचारले होते? स्त्रियांना कुणी विचारले होते? पण राज्यच नको म्हटले, तर कालच्या मालकाच्या शेजारी उभ्या असलेल्या भूमिहीन मुक्त गुलामाने कुणाकडे पाहायचे? गोऱ्या शेजाऱ्याच्या संमतीकडे? इथे स्पूनर आमचा राहत नाही.

ही पत्रके निघत होती त्याच काळात, १८६८ साली, चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि मुक्त गुलाम नागरिक ठरला. १८७७ साली दक्षिणेतील राजकारणातून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि कृष्णवर्णीयांची मते, जमिनी, जीव पुन्हा गोऱ्या टोळ्यांच्या मर्जीवर आले. स्पूनर १८८७ साली बोस्टनमध्ये वारला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतला वंशभेद संविधानबाह्य ठरविला, तो त्याच चौदाव्या दुरुस्तीतल्या शब्दांवर बोट ठेवून.