आयटीआय सोडलेला पोऱ्या कोणाच्या हिशेबात?

मंडळी, बोअरमधली मोटर जळाली की तुम्ही कोणाकडे धावता? गावात वाइंडिंगवाला एखादा पोऱ्या असतोच. त्याला विचारून पाहा, पुष्कळदा आयटीआय अर्ध्यावर सोडलेली निघते. गावाचं पाणी त्याच्या हातावर चालतं, पण सरकारी कागदावर तो 'नाव कमी केलेला'.

आयटीआय प्रवेश मोजते, निकाल मोजते. ८० टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. कापूस वेचणीत हजेरी कशी बुडते, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे अप्रेंटिसचं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात. पण त्यांना नंतर कामावर ठेवायचं की नाही, याचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं, अशी दुरुस्ती २०१४ मध्ये झाली. करार संपला, फाईल बंद.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआयवाल्याला महिना आठ हजार होते. ग्रामपंचायतीतही पोरं बसली. मुदत संपल्यावर ती कुठे गेली, याची एक ओळ तरी तुमच्या दप्तरात आहे का?

सगळा दोष आयटीआयवर टाकू नका. निदेशकाने वर्गात शिकवायचं, की पोरांमागे सुरत-उधन्यापर्यंत फिरायचं? माहिती गावातच आहे. आखाजीला बाहेरगावची पोरं घरी येतात, माहेरवाशिणीही येतात. शिवणकाम शिकलेली पोरगी सासरी मशीनवर बसते की मजुरीला जाते, हे तिच्या आईला ठाऊक असतं. लग्न झालं म्हणून तिला यादीतून काढायचं कारण नाही.

हा खटाटोप कशाला, म्हणाल. दहावीचा निकाल लागला की फिटर बरा की इलेक्ट्रिशियन, हे आपण पाराच्या गप्पांवर ठरवतो आणि पोराची दोन वर्षं त्यावर लावतो. गावातल्याच पाच-सात वर्षांच्या पोरांची यादी समोर असली, तर निदान डोळे उघडे ठेवून फॉर्म भरता येईल.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, एक साधं रजिस्टर घाला. नाव, ट्रेड, किती महिने शिकला, आज काय करतो, महिन्याला किती सुटतात. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. कमाईचा आकडा नावानिशी ग्रामसभेत वाचू नका, पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. आणि 'नापास' असा रकाना नको. सोडलं असेल तर का सोडलं ते लिहा: एसटी वेळेवर नव्हती, घरी वेचणी होती, की वर्कशॉपातलं यंत्रच बंद होतं.