गोष्ट पुन्हा सांगणे हा वाचनाचाच अभ्यास

संपादक महोदय,

पहिली-दुसरीच्या मुलांकडून गोष्टी वदवून घेण्यात वेळ जातो, त्यापेक्षा धडा दोनदा वाचून घ्यावा, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. हे मत मला पटत नाही.

न अडखळता धडा वाचणारी कितीतरी मुले ‘हे असं का झालं?’ या प्रश्नावर गप्प होतात. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगताना मात्र कोण, कुठे, आधी काय, मग काय आणि कशामुळे, हे सारे मुलाला मनात जुळवावेच लागते. आकलन म्हणतात ते हेच. संशोधक लेस्ली मॉरो यांनी १९८५ मध्ये बालवाडीतील मुलांबाबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, शिक्षकाच्या मदतीने गोष्ट पुन्हा सांगणाऱ्या मुलांचे आकलन सुधारल्याचे दिसले. ‘पुढे काय झालं?’ असे विचारत राहणे, ही ती मदत.

सिल्वासा परिसरात तर याची गरज अधिक आहे. घरी वारली, कोकणा किंवा धोडिया बोलणारी मुले शाळेत वेगळ्याच भाषेत वाचतात. त्यांना गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगू द्यावी, नंतर शाळेच्या भाषेत. शेजारच्या बोर्डीत १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी अशाच आदिवासी मुलांसाठी उभारलेले बालशिक्षणाचे काम आपल्यासमोर आहेच.

गोष्ट पुन्हा सांगण्यासाठी रोजची दहा मिनिटे पुरेशी आहेत. शाळांनी ती वेळापत्रकातच राखून ठेवावीत.

– एक प्राथमिक शिक्षिका, सिल्वासा