यंत्र नांदेडच्या डोळ्यांवर शिकलं, आपली तपासणी कधी?

एआय म्हटलं की आपल्याकडे चर्चा होते ती बनावट व्हिडिओंची, नाहीतर जाणाऱ्या नोकऱ्यांची. पण हेच तंत्र घरातल्या माणसाची नजर वाचवायला मदत करू शकतं, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आणि त्या कामाचा एक धागा थेट नांदेडशी जोडलेला आहे.

नांदेडच्या एका नेत्र दवाखान्यात काढलेले डोळ्याच्या पडद्याचे ५१६ फोटो तिथल्याच श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातल्या अभ्यासकांसाठी खुले केले. त्याच वर्षी या फोटोंवर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यातलं एक काम असं होतं: संगणकाने फोटोत ऑप्टिक डिस्क आणि फोव्हिया आपोआप शोधायचे.

ऑप्टिक डिस्क म्हणजे डोळ्याची नस पडद्याला मिळते तो पिवळसर गोल. फोव्हिया म्हणजे बारीक अक्षरं वाचणारी जागा. या खुणा आधी कशाला? मधुमेहात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झिरपतात, पिवळे डाग पडतात. ते डिस्कसारखेच चमकतात. डिस्क न ओळखणारं यंत्र चांगल्या डोळ्यालाही आजारी ठरवेल. शिवाय डाग फोव्हियाच्या जितका जवळ, तितका नजरेला धोका मोठा.

आता आपल्या घराकडे पाहू. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पडदा खराब होऊ लागतो तेव्हा दुखत नाही, बऱ्याचदा दिसायलाही नीट दिसतं. पुढे अम्मीला कुरआन शरीफची अक्षरं पुसट दिसू लागली की आपण नंबर वाढला समजून चष्म्याच्या दुकानात जातो. तोवर उशीर झालेला असू शकतो, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही.

यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. थायलंडच्या ११ दवाखान्यांत गूगलची अशी यंत्रणा वापरली गेली. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की पाचातल्या एकाहून जास्त फोटो तिने अस्पष्ट म्हणून नाकारले. शिवाय मधुमेहासाठी शिकवलेलं यंत्र काचबिंदू पकडेलच असं नाही. शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

तरीही जिथे डोळ्यांचे तज्ज्ञ पोहोचत नाहीत, तिथे कॅमेरा पोहोचू शकतो. मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिरांत साखर आणि बीपी तपासतात. आयोजकांनी त्यात पडद्याचा फोटोही जोडावा, आणि दोष निघाला तर पेशंटला नेत्रतज्ज्ञाकडे कोण नेणार हेही आधीच ठरवावं. नुसत्या रिपोर्टने नजर वाचत नाही.

आणि घरोघरी एक नियम पाळू या: टाइप २ मधुमेह कळला की लगेच पडद्याची तपासणी, मग दरवर्षी. दिसत असलं तरी.