तीन तक्रारी की एकच?



आमच्या अंकुशनगरात दिवेलागणीला ओट्यावर तीन-चार मुले माना खाली घालून बसलेली दिसली, की समजावे, मोबाइलवर लढाई जुंपली आहे. परवा शेजारचा नववीतला मुलगा मोठ्या फुशारकीने मला म्हणाला, "काका, संघात आम्ही तिघे होतो आणि एक अनोळखी. त्याच्यामुळे हरलो. वर शिव्या दिल्या त्याने. आम्ही तिघांनी त्याला रिपोर्ट केलं. आता जाईल त्याचं खातं!"

"आधी शिव्या कोणी दिल्या?" मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आम्हीच."

रिपोर्टचे बटण दाबले म्हणजे निकाल लागला, असा या मुलांचा समज असतो. माझ्या मते ती तक्रार म्हणजे फक्त एक मापन आहे, आणि मापनाचे नियम तिलाही लागू होतात. शून्य त्रुटी असलेल्या एकाच व्हर्नियर कॅलिपरने गोळीचा व्यास तीनदा मोजून पाहा. तिन्ही वाचने छान जुळतील आणि तिन्ही चुकीची असतील. एका ओट्यावर बसून, ठरवून केलेल्या तीन तक्रारी अशाच एका तक्रारीच्या किमतीच्या. उलट, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी तीन निरनिराळ्या सामन्यांनंतर एकाच खेळाडूविषयी तक्रार केली, तर ती वजनदार मानावी लागेल. तक्रारींची नुसती संख्या मोजणारी यंत्रणा गर्दीच्या हातात काठी देते.

म्हणून बटण काढून टाकावे काय? मुळीच नाही. मुलीचा आवाज ऐकू येताच जिचा छळ सुरू होतो, त्या मुलीच्या हाती दुसरे आहेच काय?

या प्रश्नावर 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळात बरेच प्रयोग झाले. रायट गेम्स या कंपनीने 2011 साली खेळाडूंचेच एक न्यायमंडळ सुरू केले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आली, त्याचे सामन्यातील संभाषण इतर खेळाडूंनी वाचायचे आणि शिक्षा की माफी यावर मत द्यायचे. 2014 पर्यंत हे मंडळ चालले. कंपनीच्या संशोधकांना आढळले, की सतत उपद्रव देणारे खेळाडू जेमतेम 1 टक्का असून एकूण उपद्रवात त्यांचा वाटा सुमारे 5 टक्केच होता. बाकीचा बहुतेक उपद्रव तुमच्या-आमच्यासारख्या, त्या दिवशी डोके फिरलेल्या साध्या माणसांचा! अपराधाचा नुसता प्रकार कळवला, तेव्हा शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे 50 टक्के पुन्हा तसे वागले नाहीत. नेमके काय लिहिले होते ते दाखवल्यावर हे प्रमाण 65 टक्क्यांवर गेले. पुढे संगणकाच्या साहाय्याने पाच-दहा मिनिटांतच उत्तर जाऊ लागले, तेव्हा ते 92 टक्के झाले.

हे वाचून मला साखर कारखान्यातील वाफेच्या टर्बाइनची आठवण झाली. भार एकदम कमी झाला की टर्बाइन वेगाने फिरू लागते, आणि गव्हर्नर तत्क्षणी वाफ कमी करतो. हाच गव्हर्नर अर्ध्या तासाने जागा झाला तर? वाफ तीच, झडप तीच, पण यंत्र मोडलेले असेल. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती लवकर आणि कोणत्या कारणासाठी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. "नियमभंगामुळे खाते बंद" एवढे एकच वाक्य आठवड्याने आले, तर त्यातून कोण काय शिकणार?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मराठी शिवी रोमन लिपीत प्रत्येकजण आपापल्या स्पेलिंगने लिहितो आणि बोलताना तर जिल्ह्याजिल्ह्याचा हेल वेगळा. इंग्रजी शब्दांवर तयार झालेल्या संगणकाला ती सापडणे कठीण. म्हणून मराठी मुलांनी केलेली खरी तक्रार अधिकच मोलाची, आणि खोटी तक्रार अधिकच घातक. (धमकी किंवा अश्लील छळ असेल, तर मात्र बटणावर विसंबू नका, घरी सांगा, किंवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा.)

काही शिक्षक म्हणतील, हे खेळच बंद करा. 2019 साली एका अकरा वर्षांच्या मुलाने पबजीवर बंदी यावी म्हणून आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यातील कारणांत ऑनलाइन छळही होता. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली खरी, पण ती देशाची सुरक्षा आणि माहितीची सुरक्षितता या कारणांसाठी. 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. ओट्यावरची भाषा मधल्या काळात बदलल्याचे मला तरी जाणवले नाही.

शेजारचा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "काका, केलेलं रिपोर्ट परत घेता येतं का?" आम्ही दोघांनी अर्धा तास त्या खेळातली सगळी पाने चाळली. तसले बटण काही आम्हाला सापडले नाही.