वीस मिनिटांची चाचणी कोणासाठी?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात परासिया हा कोळसा खाणींचा भाग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील लहान लेकरे साध्या सर्दी-तापाने आजारी पडली, खोकल्याचे औषध प्याली आणि काही दिवसांतच त्यांची लघवी बंद झाली. आईबापांनी त्यांना घेऊन नागपूर गाठले, तोवर किडन्या निकामी झाल्या होत्या. वीसहून अधिक लेकरे दगावली, त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ‘कोल्ड्रिफ’ या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. कारखान्यात वापरायचे हे रसायन औषधात ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही!

पुढे अटका झाल्या, कंपनीचा परवाना रद्द झाला. विष बाजारात आलेच कसे, हा पहिला प्रश्न आहे आणि तो सुटता कामा नये. पण दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. लेकराची किडनी बिघडू लागली आहे, हे परासियातच आणि वेळीच का कळू नये?

विज्ञान कमी पडले, असे कोणी म्हणू नये. आजवर किडनीचा बिघाड रक्तातील क्रिएटिनीनवरून ओळखतात. पण किडनीला मार बसल्यावर ते वाढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून संशोधकांनी लघवीतील अशी प्रथिने शोधली, जी काही तासांतच वाढतात. अमेरिकेत २०१४ साली अशा एका चाचणीला मान्यता मिळाली. साधारण वीस मिनिटांत निकाल देणारी ही चाचणी अतिदक्षता विभागातील प्रौढ रुग्णांसाठी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेथेच लहान मुलांसाठी ‘एनगॅल’ या प्रथिनाची चाचणी मान्य झाली. तीही अतिदक्षता विभागातील मुलांसाठीच!

म्हणजे जो रुग्ण आधीच मोठ्या इस्पितळात, यंत्रांच्या आणि तज्ज्ञांच्या नजरेखाली आहे, त्याची किडनी लवकर तपासली जाणार. खाणकामगाराचे, शेतमजुराचे पोर मात्र पाय सुजेपर्यंत थांबणार. आजार सर्वांना सारखाच होतो. निदान मात्र ऐपत पाहून होते.

आम्ही या महागड्या चाचण्या उद्याच गावोगाव वाटा, असे म्हणत नाही. त्यांना यंत्र लागते, पैसा लागतो. शिवाय अंगात जंतुसंसर्ग असला तरी एनगॅल वाढते, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. आफ्रिकेतील मलावीत थुंकीतील युरिया ओळखणारी स्वस्त पट्टी वापरून पाहिली गेली. बिघाड हलका असेल, तर तो तिच्या नजरेतून सुटू शकतो. पण प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणासाठी कोणीतरी विचार केला, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे सुरुवात याहूनही साधी होऊ शकते. दहा किलो वजनाच्या मुलाला सहा तासांत ३० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर तो धोक्याचा इशारा आहे. हे मोजायला यंत्र लागत नाही. आईला विचारावे लागते आणि तिचे ऐकावे लागते. त्यानंतर क्रिएटिनीन. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर ते काही मिनिटांत सांगणारी हातात मावणारी यंत्रे आज मिळतात. केंद्राची मोफत निदान सेवा योजना २०१५ पासून आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर दिसली पाहिजे, नुसती फलकावर नको.

तिसरी गोष्ट नोंदीची. एकाच तालुक्यात दोन-तीन लेकरांची लघवी बंद झाली, ही खबर त्याच दिवशी जिल्ह्याला गेली पाहिजे. विष प्यालेल्या लेकराला चाचणी वाचवीलच असे नाही. पण पहिल्या लेकराच्या निदानाने पुढच्या घरातली बाटली हिसकावून घेता येते. लवकर निदानाची खरी किंमत इथे आहे.

आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडतज्ज्ञ संघटनेने २०१३ साली एक ध्येय जाहीर केले होते. २०२५ पर्यंत किडनीच्या अचानक बिघाडाने एकही टाळता येण्याजोगा मृत्यू होऊ द्यायचा नाही! त्याच २०२५ साली परासियात तिरड्या उठल्या. महाराष्ट्रानेही बोट दाखवून मोकळे होऊ नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने कोणाची गय केली नाही. चाळीस वर्षे होत आली, विष तेच आणि मरणारा माणूसही तोच.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. मेलेल्या लेकरामागे मदतीचा धनादेश देणे म्हणजे कर्तव्य नव्हे. लेकरू जिवंत असताना त्याची लघवी मोजणारा माणूस, रक्त तपासणारे यंत्र आणि औषध तपासणारा निरीक्षक गावापर्यंत पोहोचविणे, हे कर्तव्य आहे. ते मागणे ही भीक नाही, हक्क आहे. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात क्रिएटिनीन तपासतात काय, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने आजच जाऊन विचारावा.