पाऊस आला तर रस्सा करा, शेगडी आत नेऊ नका

आखाड लागला की पुण्यात मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागतात, आणि शनिवार-रविवारी स्वारगेटवरून सिंहगड, पानशेतच्या बाजूला गाड्याच गाड्या निघतात. श्रावण लागण्याआधी मनसोक्त खाऊन घ्यायचं, ही आपली जुनी रीत. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी हौस आली आहे. डिकीत ऑनलाइन मागवलेली शेगडी किंवा झाकणाचा स्मोकर, पाच किलो कोळसा, रात्रभर मसाला लावून ठेवलेलं चिकन आणि "यंदा पहिल्यांदाच स्मोक्ड चिकन करायचंय" हा उत्साह.

मांसाहार सोडा, असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. वर्षातून एकदा धुरावरचं चिकन खाल्ल्याने कोणाचं काही बिघडत नाही. माझा विरोध एकाच वाक्याला आहे : "अरे, पावसातच तर खरी मजा!" नवशिक्याने भर पावसात मांस धुरावर शिजवायला घेऊ नये. आणि पाऊस वाढला म्हणून पेटती शेगडी तंबूत, खोलीत किंवा गाडीत नेणं हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

पावसात नेमकं काय बिघडतं?

निखाऱ्यावर भाजणं आणि धुरावर शिजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजताना आच तेज असते, तुकडे लहान असतात, अर्ध्या तासात काम होतं. धुरावर शिजवताना झाकणाच्या आत साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअस इतकी मंद आच तासन् तास टिकवावी लागते. अख्ख्या कोंबडीला तीन-चार तास सहज लागतात.

आता पाऊस आणि वारा आला, असं समजा. पत्र्याच्या झाकणावर पडणारं पाणी उष्णता ओढून घेतं. कोळसा दमट होतो. आच उतरली की नवशिका माणूस काय करतो? दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघतो आणि उरलीसुरली उष्णताही बाहेर घालवतो. धूर भरपूर येतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की शिजतंय. प्रत्यक्षात मांस नुसतं कोमट होत राहतं.

हे कोमटपणच घातक. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. पुण्याहून निघताना डिकीत ठेवलेलं, बर्फ नसलेल्या डब्यातलं चिकन आधीच दोन तास याच टप्प्यात असतं. त्यात स्मोकरमधल्या कोमट वेळेची भर पडते. "धुराने जंतू मरतात" हा समज इथे उपयोगाचा नाही. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे जंतू मारते ती मांसाच्या आतपर्यंत पोचलेली उष्णता. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश तापमान यायलाच हवं.

"पण रंग तर छान आलाय!" हा रंगच फसवतो. धुराने कातडी आधीच तपकिरी होते, आत कच्चं असलं तरी. उलट, पूर्ण शिजलेल्या मांसावरही कडेने गुलाबी पट्टा येतो, कारण धुरातले काही वायू मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतात. त्यातला एक वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याच्याबद्दलच आता बोलायचं आहे, कारण अपचन-जुलाबातून माणूस बहुधा बरा होतो. या वायूच्या बाबतीत तशी खात्री नसते.

खरा मारेकरी दिसत नाही

मायोग्लोबिनला चिकटणारा हाच वायू आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनलाही चिकटतो, आणि तोही ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. श्वास चालू असतो, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मेंदू आणि हृदय यांना सर्वांत आधी झळ बसते.

इथे दोन गैरसमज जीव घेतात.

पहिला : "आता धूर येत नाही, नुसते निखारे आहेत, ऊब मिळेल." कार्बन मोनॉक्साइड दिसणाऱ्या धुरावर अवलंबून नसतो. राख चढलेले, विझत आलेले निखारेही तो कित्येक तास सोडत राहतात. ज्वाला नाही, म्हणजे धोका नाही, असं नव्हे.

दुसरा : "तंबूची चेन थोडी उघडी ठेवलीय" किंवा "खिडकी किलकिली आहे." तेवढं पुरत नाही. वर ताडपत्री आणि तीन बाजूंनी आडोसा असेल तर तीही खोलीच समजा.

ही पुस्तकातली भीती नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकनालला फिरायला गेलेल्या मित्रांनी चिकन भाजलं, कोळशाची शेगडी खोलीतच राहिली आणि दोन तरुण झोपेतच गेले. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत थंडीसाठी घरात पेटवलेल्या शेगड्यांमुळे दोन घटनांत सहा जण दगावले. थंडी, बंद दार आणि कोळसा हे तीन घटक दोन्ही ठिकाणी होते. पानशेतच्या पावसाळी रात्री यातलं काय कमी असतं?

आखाडाच्या पार्टीत आणखी एक भर पडते, ती दारूची. या विषबाधेची पहिली लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, तोल जाणं, बोलताना अडखळणं. दारू चढल्यावरही हेच होतं. म्हणून अशा जागी सर्वांत घातक वाक्य कोणतं असेल तर "त्याला चढलीय, झोपू दे." शेगडीजवळच्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा उलटी सुरू झाली, किंवा न प्यायलेल्यालाही तसंच होऊ लागलं, तर दारूला दोष देत बसू नका.

आणि कोविडपासून घराघरात आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध होत असतानाही ते 98 दाखवू शकतं.

"आमची आजी तर जन्मभर चुलीवर करायची"

हा युक्तिवाद हमखास येतो. आजीच्या घराला कौलं होती आणि कौलांच्या फटींतून धूर बाहेर जात होता. आजी रात्री चेन लावलेल्या नायलॉनच्या तंबूत निखारे घेऊन झोपत नव्हती. शिवाय तिला काही झालं नाही, हेही खरं नाही. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या असंख्य बायकांना चुलीच्या धुराने फुप्फुसाचा कायमचा आजार झाला. पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे.

आणि परंपरेचंच बोलायचं तर ती काय सांगते, ते नीट पाहा. रायगडातली पोपटी लागते थंडीत, कोरड्या शेतात, उघड्या आभाळाखाली. बोंबील, सुकट सुकतात ते पावसाआधीच्या उन्हात. मांसाच्या चान्या वाळतात त्याही कडक उन्हात. पावसाळ्यात घरात काय शिजायचं? वाफाळता रस्सा. ज्यांच्याकडे फ्रीज आणि थर्मामीटर नव्हता त्यांना ऋतू कळत होता. पावसात मांस तासन् तास कोमट ठेवण्याची आपली परंपरा नाही. ती रील्सवरून आली आहे.

जबाबदारी फक्त पाहुण्यांची नाही

तंबू भाड्याने देणारे आणि फार्महाऊसवाले यांनाही सांगायचं आहे. "बार्बेक्यूची सोय आहे" अशी जाहिरात तुम्ही करता, शेगडी आणि कोळसा देता, मग पाऊस आल्यावर काय करायचं हेही तुम्हीच ठरवून ठेवा. प्रत्येक तंबूवर मराठीत ठळक पाटी हवी : "पेटती किंवा विझलेली शेगडी आत नेऊ नये." रात्री निखाऱ्यांवर पाणी ओतून शेगडी ताब्यात घेणारा माणूस हवा. पाऊस पडला तर स्वयंपाकघरात गॅसवर चिकन शिजवून देण्याची सोय हवी. पाहुणे नाराज होतील, या भीतीने शेगडी ताडपत्रीखाली सरकवून देणं हा पाहुणचार नव्हे.

मग करायचं काय?

1. मसाला लावलेलं मांस बर्फाच्या डब्यात न्या. कच्च्याचं ताट आणि शिजलेल्याचं ताट वेगळं ठेवा.
2. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. शेगडीवर हजारो रुपये घालवणाऱ्याला हे काहीशे रुपये जड नाहीत.
3. ओला कोळसा पेटत नाही म्हणून त्यावर पेट्रोल, रॉकेल किंवा सॅनिटायझर ओतू नका. ज्वाला उलट हातावर, तोंडावर येते.
4. पाऊस सुरू झाला की हट्ट सोडा. चिकनचे लहान तुकडे करा, लगेच गॅसवर टाका, रस्सा करा. धुराची चव हवी असेल तर उघड्या जागी पातेल्यात धुंगार द्या. मात्र स्मोकरमध्ये दोन तास कोमट पडलेलं चिकन पुन्हा शिजवून वाचवायला जाऊ नका. काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.
5. झोपण्याआधी निखारे पाण्याने पूर्ण विझवा. शेगडी रात्रभर बाहेरच राहू द्या, भिजली तर भिजू द्या.
6. कोणाला लक्षणं दिसली तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना "कोळशाची शेगडी होती" हे स्पष्ट सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच. विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात बदल अशा तक्रारी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उद्भवू शकतात.

दहा जणांच्या टोळक्यात "आज नको, पाऊस आहे" असं म्हणणाऱ्याला भित्रा ठरवतात. पण त्याचं ऐकण्याची किंमत एक फसलेला बेत एवढीच आहे. स्मोकर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, उघड्यावर पेटवा. तोवर आखाड रश्शावर साजरा होऊ द्या.