विश्लेषण : जीएलएस की एक्स-७? सव्वा कोटीच्या एसयूव्हीचा निर्णय इंजिनावर नाही, आरटीओच्या पावतीवर का ठरतो?

मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झाला आणि शोरूमबाहेर फलक लागले. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, १ जुलैला, महाराष्ट्रात वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली होती. त्याचा फलक कुठेच लागला नाही. मर्सिडीज-बेंझ जीएलएस आणि बीएमडब्ल्यू एक्स-७ या दोन सात आसनी गाड्यांमध्ये अडकलेल्या ग्राहकाने मात्र दोन्ही बदल एकत्र वाचायला हवेत.

कागदावर फरक किती?

फारसा नाही. जीएलएसची लांबी सुमारे ५.२१ मीटर, एक्स-७ची ५.१८ मीटर. दोन्हींत तीन लिटरचे सहा सिलिंडर इंजिन, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन. पेट्रोलमध्ये दोन्ही ३८१ अश्वशक्तीच्या. डिझेलमध्ये जीएलएस ४५०डी ३६७ अश्वशक्ती आणि ७५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तर एक्स-७ ४०डी ३४० अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन मीटर. तरीही शून्य ते १०० किमीचा वेग एक्स-७ किंचित लवकर गाठते. हा फरक सेकंदाच्या दशांशातला आहे आणि खंडाळ्याच्या घाटात कंटेनरच्या मागे तो कुणालाही जाणवणार नाही.

मग गाडी निवडायची कशावरून?

तिसऱ्या रांगेत कोण बसणार, यावरून. बहुतेक सात आसनी गाड्यांत शेवटच्या दोन जागा लहान मुलांपुरत्याच असतात. जीएलएसच्या तिसऱ्या रांगेत १.९४ मीटर उंचीपर्यंतची व्यक्ती बसू शकते, असा कंपनीचा दावा आहे. शिवाय दुसरी रांग बटण दाबून पुढे सरकते, त्यामुळे मागे जाताना आजी-आजोबांना कसरत करावी लागत नाही. तिसरी रांग वापरात असतानाही मागे सुमारे ३५५ लिटर सामान मावते. एक्स-७मध्ये ही जागा ३०० लिटरच्या आसपास.

एक्स-७ची बाजू दुसऱ्या रांगेत भक्कम होते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असलेला तिचा सहा आसनी पर्यायही आहे. मागचा दरवाजा वर-खाली असा दोन भागांत उघडतो आणि खालच्या फळीवर चक्क बसता येते. स्टीअरिंगही तिचे अधिक नेमके वाटते. थोडक्यात, मालक स्वतः चालवणार असेल आणि घरात चार-पाच जण असतील तर एक्स-७. ड्रायव्हर असेल आणि सातही जागा खरोखर भरणार असतील तर जीएलएस. आता पैशांकडे.

जीएसटी कपातीने किती वाचले?

आधी अशा गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के भरपाई उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के कर होता. आता उपकर नाही, सरसकट ४० टक्के. कर दहा टक्क्यांनी घटला म्हणून किंमत दहा टक्क्यांनी घटत नाही. शंभराची वस्तू दीडशेला मिळत होती, ती आता एकशेचाळीसला मिळते. म्हणजे घट सुमारे ६.७ टक्के. एक्स-शोरूम १.३५ कोटींची गाडी याच हिशेबाने १.२६ कोटींवर येते. नऊ लाखांची ही बचत खरी आहे. प्रश्न तिचे पुढे काय होते, हा आहे.

राज्याचा कर कुणाला बसतो?

महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल कारवर व्यक्तीच्या नावे १३ टक्के आणि डिझेल कारवर १५ टक्के एकरकमी वाहन कर आहे. कंपनीच्या नावे नोंदणी केली किंवा गाडी आयात केलेली असेल, तर सरळ २० टक्के. जीएलएसची जुळणी चाकणला होते, एक्स-७ची चेन्नईजवळ. त्यामुळे आयातीचा दर दोन्हींना लागत नाही. पूर्ण आयात होणाऱ्या, जानेवारी २०२३ मध्ये २.१० कोटींना आलेल्या टोयोटा लँड क्रूझर ३०० सारख्या गाडीला तो लागतो, आणि तिथे थेट ३० लाखांची कमाल मर्यादा गाठली जाते.

जीएलएस आणि एक्स-७च्या बाबतीत खरा धक्का कंपनीच्या नावे घेणाऱ्याला आहे. १.३० कोटींच्या गाडीवर २० टक्के म्हणजे २६ लाख. जुलै २०२५ पूर्वी मर्यादेमुळे हेच २० लाखांवर थांबत होते. सहा लाख रुपये जास्त. जीएसटीत जे वाचले त्यातला मोठा हिस्सा आरटीओच्या खिडकीवर परत गेला. तीच पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावे घेतली तर कर १६.९० लाख. फरक ९.१० लाखांचा.

‘कंपनीच्या नावे घेतली की कर वाचतो’ हे वाक्य उद्योजकांच्या गप्पांत हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. प्राप्तिकरात गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. १.३० कोटींवर पहिल्या वर्षी तो १९.५० लाख, आणि २५.१७ टक्के कर भरणाऱ्या कंपनीची त्यातून बचत सुमारे ४.९० लाख. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच. पुढच्या वर्षांत ही बचत आटत जाते. आणि भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मात्र कंपनीलाही मिळत नाही. १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना कायद्याने ते बंद आहे. मालकी हक्काचा, म्हणजे प्रोप्रायटरशिपचा व्यवसाय असेल तर गाडी स्वतःच्या नावे घेऊन व्यवसायातील वापरापुरता घसारा दाखवता येतो. बुकिंगची रक्कम भरण्याआधी सीएला फोन करावा, तो यासाठी.

दुसऱ्या राज्यात स्वस्तात नोंदणी करण्याची पळवाटही फार लांब जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवली तर इथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि करही.

डिझेल परवडते का?

एक्स-७ जानेवारी २०२३ मध्ये पेट्रोलमध्ये १.२२ कोटी आणि डिझेलमध्ये १.२५ कोटींना आली. त्या किमतींना किमतीतला फरक तीन लाख आणि राज्याच्या करातला जवळपास २.९० लाख, मिळून ५.९० लाख. पेट्रोल १०३ रुपये व लिटरला ८ किमी, डिझेल ९० रुपये व ११ किमी असे धरले तर डिझेल दर किलोमीटरला सुमारे ४.७० रुपये वाचवते. फरक भरून निघायला सव्वा लाख किमी धावावे लागेल. म्हणजे वर्षाला १५ हजार किमी चालवणाऱ्याला आठ वर्षांहून जास्त.

डिझेल घ्यावे ते लांबच्या प्रवासातील टॉर्कसाठी. रोज वांद्रे ते लोअर परळ एवढाच फेरा असेल तर डिझेलच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचत राहते. ती जाळायला सलग वेगात काही वेळ धावणे लागते.

आणि गाडी लावणार कुठे?

मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचे किमान माप २.५ मीटर बाय ५ मीटर आहे. दोन्ही गाड्या पाच मीटरहून लांब आहेत, म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर राहणारच. रुंदी दोन मीटरच्या घरात, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून अर्धा मीटर उरतो आणि जाड दरवाजा अर्धाच उघडतो. यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटवर लिहिलेली वजन आणि उंचीची मर्यादा आधी पाहावी. या गाड्या अडीच टनांच्या आसपास जातात. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नको, असा प्रस्ताव परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये मांडला होताच. टेस्ट ड्राइव्हची गाडी सोसायटीत मागवून एकदा आपल्या जागेत लावून बघायला शोरूमवाले सहसा नाही म्हणत नाहीत.